उभी चूल

हिर्डोशी, ता. ११ जुलै १९३२

सगुणा,

आशीर्वाद लिवतोय. घेशील तर घे, न्हाईतर राहू दे कागदावर.

आठ दिस झाले, हितं सूर्य दिसला न्हाई. तुझ्या भोंगवलीला पाऊस हाय का न्हाई ते बी कळायला मार्ग न्हाई, कारण तू लिवत न्हाईस. जुन्या कोपऱ्यात म्या जुन्या मापाची चूल परत घातलीय. तुझी आई बसायची तीच जागा, पाठीमागं तीच भिंत, तोंड तिकडंच. कोरड्यास निवू नये म्हणून बाजूचं वैल बी तसंच केलंय. माती वाळली, दोन येळा सारवली, पर पेटवली न्हाई. घरची बाई गेली की तेरा दिस चूल थंड ठेवायची आन् तेराव्याला सुनंनं, सून नसंल तर लेकीनं, पहिला विस्तव घालायचा. माझी आई गेली तवा माझं लगीन झालं नव्हतं, तुझी आत्या चालत आली व्हती त्याच्यासाठी. आपल्यात बाप्यानं हात लावायचा नसतो. तू तर तेराव्याला पाणी बी न पिता गाडीत बसलीस.

मी पडवीत तीन दगडं मांडून भात शिजवतो. बसऱ्याच्या लढाईत दोनशे माणसांचं रांधत व्हतो, आता एकाचं जमत न्हाई. एक दिस गिच्च, एक दिस कच्चा.

आईला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तू आलीस. उंबऱ्याच्या आत पाय टाकायच्या आधी इचारलंस, 'आबा, माझं पत्र पोचलं व्हतं का?' म्या न्हाई म्हणलं. पुन्हा लिवतो, न्हाई पोचलं. टपालवाला हप्त्यातनं एकदा वर चढतो, नदीला पाणी असलं की तेवढं बी न्हाई. कुणाचं काय कुठं पडलं, देव जाणे. पत्रात काय व्हतं ते मला मागनं शेजारच्या ठकुबाईनं सांगितलं, तू तिच्या गळ्यात पडून रडलीस तवा. आईला डोळ्यांनी दिसत न्हाई, ती येईल त्या दिवशी घरी ऱ्हावा, तिला एकलीला चुलीपाशी जाऊ देऊ नका, असं लिवलं व्हतंस म्हणं. चांगलं लिवलं व्हतंस. पोचलं असतं तर मी घरी राहिलो असतो.

ये एकदा. काडी लाव, विस्तव घाल आन् जा. मी बोलणार सुदिक न्हाई.

तुझा आबा


हिर्डोशी, ता. ३ ऑगस्ट १९३२

सगुणा,

जावईबापूंचं कार्ड आलं. तुझं अक्षर शोधलं, कोपऱ्यात सुदिक न्हाई. आनंदराव लिवतात, तू चुलीपुढं बसतच न्हाईस. जाऊबाई भाकरी थापती आन् धूर आला की तू पोरीला घेऊन गोठ्यात जातीस. म्हणतीस, एक पत्र टाकलं आन् म्या हात झटकले, आईसंगं मीच गेले असते तर ती वाचली असती.

येडी हायस का तू? सव्वा महिन्याची बाळंतीण, अंगावर पोर, तू काय येणार? पत्र हरवलं त्याला तू काय करणार? धा येळा सांग म्हणलीस तर धा येळा सांगतो, तुझा दोष न्हाई.

दोष त्या चुलीचा. ती कशी झाली ते तुला नीट ठावं न्हाई, म्हणून लिवतो. वीस वर्षं तुझी आई म्हणत व्हती, कौलात एक भोक पाडा, धूर डोळ्यांत जातो. वीस वर्षं म्या सांगितलं, धूर बाहेर गेला तर माळ्यावरचं बियाणं वलं होईल. हितल्या पावसात धुरावरच धान्य टिकतं, हे काय खोटं न्हाई. ती फुंकणी उचलायची. औंदा ती तुझ्या बाळंतपणाला भोंगवलीला आली आन् माझ्या मनानं घेतलं, ती माघारी येईस्तवर नवी चूल घालायची. पलटणीचा लांगरी मी, चूल कशी असावी हे मला कोण शिकवणार? जुनी फोडली. मागल्या दारापाशी कमरेइतका ओटा रचला, त्याच्यावर चूल, आन् घासलेटचे डबे कापून त्यांची नळी कौलातनं वर काढली. बसऱ्याला लंगरात असंच व्हतं. उभ्यानं रांधायचं, वाकायचं न्हाई, धूर खायचा न्हाई. समद्या वाडीला बोलवून दाखवली. रखमाजी गाडीवाला म्हणला, 'चिमाजी, बायको आणतोस का राणीसरकार आणतोस?' मी लई खूश.

आता ऐक. जमिनीवरच्या चुलीपुढं बाई बसती तवा तिचा पदर मांडीत गोळा असतो. कमरेइतक्या चुलीपुढं उभी राहून ती फुंकायला वाकली की पदर सुटून नेमका जाळाच्या तोंडात लोंबतो. पलटणीत कुणाला पदर नसतो, सगुणा. ते माझ्या ध्यानातच आलं न्हाई. करायला गेलो गणपती आन् झाला मारुती.

ती उभी चूल म्या आई गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहारीनं फोडली. जुन्या कोपऱ्यात परत घालताना भिंतीचा गिलावा निघाला, त्याच्याखाली कोळशानं काढलेला 'ग' सापडला. तुझा हाय. तू पाच वर्षांची असताना म्या तुला हितंच अक्षरं शिकवली, तुझी आई भाकरी थापता थापता बघायची. म्हणायची, 'तिला शिकवा, म्हंजी मला काय सांगायचं असलं तर ती लिवंल.' त्या 'ग'वरनं म्या सारवलं न्हाई. येऊन बघ.

तुझा आबा


हिर्डोशी, ता. २९ ऑगस्ट १९३२

सगुणा,

तुझं कार्ड आलं. तीन महिन्यांनी पहिलं, आन् त्यात एकच ओळ. 'आबा, वैशाखात नदीला पाणी कुठलं?'

वा गं वा. उचलली जीभ लावली टाळ्याला. बापाला पिंजऱ्यात उभा करतीस? नदीला नसंल पाणी, टपालवाला आजारी असंल, त्याची पिशवी बैलानं खाल्ली असंल, मला काय ठावं? मी काय त्याच्या मागं हिंडतो? पोरीच्या जातीला अक्षरं कशाला, म्हणून वाडी माझ्यावर हसली व्हती, तवा म्या एकाचं ऐकलं न्हाई. ते ह्याच्यासाठी?

आन् इचारायचंच म्हणलं तर मी बी इचारतो. आईला दिसत न्हाई हे तुला कळलं व्हतं ना? सव्वा महिना ती तुझ्यापाशी व्हती. मग तू तिला पाठवलीसच कशाला? आनंदरावांनी तिला भोरातनं रखमाजीच्या गाडीत बसवली आन् माघारी फिरले, त्यांना तू का सांगितलं न्हाईस, दारापातुर जावा म्हणून? कुणाला सांगायचं न्हाई म्हणून आईनं शपथ घातली व्हती म्हणं. शपथ मोठी का आई मोठी? दुसऱ्याच्या ताटातलं बघायच्या आधी आपल्या ताटातलं बघावं माणसानं.

यायचं तर ये, न्हाईतर नको येऊस. चूल काय, पडून राहील.

आबा


हिर्डोशी, ता. २० सप्टेंबर १९३२

सगुणा बाळ,

मागलं पत्र फाडून टाक. ते लिवलं तवा डोकं ठिकाणावर नव्हतं. टपालवाला पत्र घेऊन खाली उतरला आन् मी त्याच्या मागं पळालो, नदीपातुर पळालो, पर तो पार झाला व्हता. औतरणीला, नदी उतरायच्या जागी, पाणी चढलं, मला जाता आलं न्हाई. बघ, खरं पाणी असं येतं.

जावईबापूंनी लिवलंय. ते पत्र वाचल्यापासनं तू दोन घासांवर हायस. अंगावरचं दूध आटलं, पोर शेळीच्या दुधावर आलं. माझ्या हातानं झालं हे. बुडत्याचा पाय खोलात, तसा मी. जेवढं सावरायला जातो तेवढं बुडवतो.

हितलं सांगतो. माळ्यावरच्या बियाणाला कोंब फुटले. चार महिने खाली धूर न्हाई, वरनं गळती. पायली पायली काढून बघितलं, पांढरे कोंब, वास मारतोय. औंदा रान पडीकच राहिलं, आन् पुढल्या साली पेरायला काय न्हाई. तुझ्या आईनं वीस वर्षं धूर खाऊन जे राखलं ते एका पावसाळ्यात गेलं. मी माळ्याखाली बसून राहिलो नुसता.

एक सांगायचं राहिलंय. ठकुबाईनं सांगितल्यावर मला कळलं, असं म्या लिवलं व्हतं. खोटं हाय ते. तुझ्या आईला दिसत न्हाई हे मला दीड वर्ष आधी कळलं व्हतं.

एका सकाळी मी घरात आलो तर मांजर दुधाच्या पातेल्यात तोंड घालून बसलेलं, आन् ती हातभर अंतरावर, तोंड तिकडंच, निवांत भाकरी थापत व्हती. म्या मांजराला पायानं सारलं. तिनं मान वळवून इचारलं, 'कोण हाय?' मी तिच्यापासनं चार हातांवर उभा, दारातल्या उजेडात. पाय न वाजवता बाहेर गेलो आन् खाकरून परत आलो. 'तुमी व्हय,' म्हणाली आन् भाकरी वाढली.

त्या दिवसापासनं मी बघत राहिलो. तांदूळ ती बोटांनी निवडायची. भाकरी वासावर उलटायची. हात टाकला की मिठाचं मडकं, हात मागं नेला की फुंकणी. एक वस्तू जागची हलू द्यायची न्हाई, हलवली की वसकन अंगावर यायची. मला वाटायचं, बाईचा स्वभाव किरकिरा झाला. मांजरानंतर कळलं की घर तिनं हातांनी पाठ केलंय. आन् म्या काय केलं, तर तेच घर उचलून दुसरीकडं ठेवलं. तिचे डोळे धुरानं गेले म्हणून धूर काढायला निघालो, पर ती कशाच्या जोरावर चालती हे ठावं असून बी इसरलो. असलं शहाणपण चुलीत घालायच्या लायकीचं.

तिच्याशी बोललो का न्हाई, इचारशील. बोललो असतो तर रांधायचं कुणी, हा प्रश्न आला असता. पलटणीत पगार घेऊन रांधणं येगळं. घरात बायको जिती असताना बाप्या चुलीपुढं बसला तर वाडी दात काढंल, ह्याची मला लाज. म्हणून ती आंधळी रांधत राहिली आन् मी डोळस खात राहिलो. आता रोज पडवीत, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर रांधतो. कुणी हसत न्हाई. परवा रखमाजीनं लसणाची चटणी आणून दिली आन् म्हणला, 'भाताला जाळ कमी दे रं.' ज्या हसण्याला मी भिलो ते हसणं आलंच न्हाई गं.

पत्राचं मात्र खरंच तसं हाय. ते पोचलं न्हाई.

तुझा आबा


हिर्डोशी, ता. १४ ऑक्टोबर १९३२

सगुणा,

काल आनंदराव स्वतः येऊन गेले. भोरापासनं चालत आले. म्या गूळपाणी पुढं केलं, घेतलं न्हाई. म्हणाले, 'मामा, ती एकच धरून बसलीया, पत्रावर इसंबले म्हणून आई मेली. पोर अंग धरत न्हाई. आईला आगीत लोटलेल्या हातानं मी विस्तवाला शिवणार न्हाई म्हणती. माझं ऐकत न्हाई, जावंचं ऐकत न्हाई. तुमीच काय तर लिवा.' आन् उंबऱ्यावर बसून रडले. बाप्या माणूस, माझ्यासमोर रडला.

म्हणून लिवतो. तुझं पत्र पोचलं व्हतं.

आई यायच्या चार दिस आधी टपालवाल्यानं माझ्या हातात दिलं. त्या गरिबाचा काय दोष न्हाई. नदी कोरडी ठाक व्हती. पत्र म्या वाचलं, दोन येळा वाचलं आन् आढ्याच्या वाशात खोचलं. ते ह्याच्यासंगं पाठवतोय. धूर नसल्यानं कडेला बुरशी धरलीय, पर अक्षर लागतं.

त्यात मधी तू लिवलंस, 'आई म्हणती, आबांना कळलं तर आंधळी म्हणून बाजूला सारतील आन् पोरगा पायजे म्हणून दुसरी करतील. तिनं मला शपथ घातलीय, तरी मी सांगते.' ते वाचलं आन् माझं टाळकं फिरलं. तिच्यासाठी ओटा रचता रचता माझे हात सोलवटलेले, आन् मायलेकी माझ्याबद्दल हे बोलतात! म्हणलं, येऊ दे. मी घरात नसताना येऊ दे. हातानं चाचपंल तवा कळंल तिला, कुणासाठी बांधलीय. असा राग धरून बसलो चार दिस.

ती यायची त्या दिवशी मी वरच्या रानात राब भाजायला गेलो. भाताचं रोप टाकायची जागा जाळायची, ते आदल्या दिवशी झालं असतं, दुसऱ्या दिवशी झालं असतं. जाताना नव्या चुलीत निखारे राखंखाली झाकून ठेवले, ती आल्यावर तिला सोपं जावं म्हणून. दुपारी खाली रखमाजीच्या गाडीच्या बैलांचे घुंगरू वाजले. जरा येळानं बघतो तर आपल्या कौलावरच्या नळीतनं धूर निघाला, सरळ वर. शेजारच्या रानातल्या माणसाला म्या हाक मारून दाखवलं. 'बघ, घरात एक कण न्हाई, समदा आभाळात!' मी हसत व्हतो, सगुणा. हसताना ठकुबाईची आरोळी ऐकली.

ठकुबाईला भिंतीपलीकडनं ऐकू येत व्हतं. तुझी आई आधी जुन्या कोपऱ्यात जाऊन बसली. मग म्हणाली, 'अगं बाई, चूल कुठं गेली?' मग भिंत धरत धरत हिंडत व्हती, भांडी पडत व्हती. मग 'हाय, हाय, हितं हाय,' असं आनंदानं म्हणाली. मग फुंकणीचा आवाज.

चार दिस जगली. भोरच्या दवाखान्यात न्यायला रखमाजीनं गाडी जुंपली तर नको म्हणाली. मी उशाशी बसलो तवा माझा हात चाचपून म्हणाली, 'चूल लई झ्याक घातलीत. धूर अजिबात लागला न्हाई.' मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. तवा तरी सांगायचं व्हतं की पारू, मला समदं ठावं व्हतं, आन् दुसरी माझ्या मनात बी न्हाई. ते बी बोललो न्हाई. ती दुसरीचं भ्या पोटात घेऊनच गेली असंल.

आता तुझं. तू सांगितलं व्हतंस. येळेवर, शपथ मोडून, नीट सांगितलं व्हतंस. कवा येईल, कुणी घरी ऱ्हायचं, काय होऊ द्यायचं न्हाई, समदं. तुझ्याकडनं काय राहिलं न्हाई. पोचलं, वाचलं आन् म्या ऐकलं न्हाई. पाच महिने तुझ्या डोक्यावर माझा धोंडा ठेवला, कारण हे कळलं तर तू परत ह्या दारात येणार न्हाईस. मला तू पायजे व्हतीस. तुझं पोर उपाशी पडलं तरी मला तू पायजे व्हतीस, असला बाप हाय तुझा.

जुन्या कोपऱ्यातली चूल आज फोडली. माती अंगणात टाकली, पावसानं निम्मी वाहून बी गेली. तू पेटवायला येऊ नकोस. मी वाट बघणार न्हाई.

एक काम मात्र कर. तुझं पत्र जपून ठेव, पोरगी मोठी झाली की तिला दाखव, तिच्या आईनं काय लिवलं व्हतं ते. माझी पत्रं घरात ठेवू नकोस. ही पाची चुलीत घाल. जावंच्या हातात देऊ नकोस, तू घाल. त्याच्यासाठी चूल पेटवावी लागंल. तेवढी आपल्या हातानं पेटव.

चिमाजी